खुरपं हातात राहू दे, बादली खाली ठेव

«मावशी, मला पाचवा महिना लागलाय, पहिलंच बाळंतपण. आमचं घर कराडच्या बाहेर, मागे गुंठाभर परसबाग. दोडक्याचा मांडव, वांगी, मिरच्या, मेथीचा वाफा, मोगऱ्याच्या अकरा कुंड्या. लग्न होऊन या घरात आल्यावर माझं म्हणून जे काही आहे ते एवढंच. आता सासूबाई म्हणतात, बाळ होईपर्यंत मागच्या दारी पाऊल टाकायचं नाही. गर्भारशीची सावली पडली की साप आंधळा होतो, असं त्या सांगतात. नणंदेनं मोबाइलवर वाचलंय की मांजराच्या घाणीमुळे मातीतून पोटातल्या बाळाला रोग होतो, आणि शेजारचा बोका तर रोज माझ्या मेथीत येऊन बसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, झेपेल तेवढं कर. पण झेपेल म्हणजे किती? परवा खुरपून उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि एक गोष्ट अजून कुणालाच सांगितलेली नाही. पाणी घातल्यावर मातीचा वास सुटतो तेव्हा ती खावीशी वाटते. दोन-तीनदा खाल्लीही आहे, कुंडीतली, चिमूटभर. मी वेडी आहे का?»
— एक वाचक, कराड

तुझं पत्र दोनदा वाचलं. जे तू सगळ्यात शेवटी आणि घाबरत लिहिलंस, त्याचंच उत्तर आधी देते. माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

नाही गं, तू वेडी नाहीस. मातीचे डोहाळे लागतात हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं ठाऊक होतं. कुणाला कैरी-चिंच, कुणाला भाजलेली माती, कुणाला पाटीवरची पेन्सिल. बाळंतपणाच्या वॉर्डात मी नोकरीची सव्वीस वर्षं काढली. उशाखाली पेन्सिलींचा पुडा लपवून ठेवणाऱ्या बायका तिथे पाहिल्या. सगळ्या लाजायच्या, आणि लाजेपायी उशिरा सांगायच्या. ही ओढ बऱ्याचदा अंगात लोह कमी पडलं की लागते. म्हणून बाकीचे डोहाळे पुरवावेत, पण हा डोहाळा लागला की रक्त तपासावं.

तेव्हा बागेचं पुढे बघू, आधी हिमोग्लोबिन तपासून घे. याच आठवड्यात. गरोदरपणी ते ११ च्या खाली असलं की रक्त कमी आहे असं धरतात, आणि ७ च्या खाली गेलं तर मग नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. तू काही एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला होता. परवा तुला अंधारी आली त्यामागेही हेच असू शकतं.

आणि माती खाल्ल्यानं लोह मिळतं असं मनात असेल तर ते काढून टाक. उलटंच होतं. जेवणातलं लोह माती धरून ठेवते, ते तुझ्या अंगाला लागत नाही. वर जंतांची अंडी पोटात जातात, शौचाला घट्ट होते. डॉक्टरबाईंना सरळ सांग, «मी माती खाल्ली आहे.» त्यांनी हे शंभरदा ऐकलेलं असेल. जंताची गोळी द्यायची तर या मधल्या महिन्यांत देतात, पण ती त्यांनी दिली तरच घे, दुकानातून स्वतःहून आणू नकोस. लोहाची गोळी रोज एक, निदान १८० दिवस. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चहाबरोबर घेतलीस तर वाया जाते, लिंबूपाण्याबरोबर घेतलीस तर अंगी लागते. कॅल्शियमची गोळी असेल तर ती दुसऱ्या वेळेला. शौचाला काळी होईल, त्याला घाबरायचं नाही. आणि मागच्या दारी खिडकीत फुटाण्यांची डबी ठेव. वास आला की एक मूठ तोंडात टाक. वास मात्र खुशाल घे, पहिल्या सरीचा वास घेतल्यानं कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

आता बाग. तुझ्या डॉक्टरबाईंनी हालचालीला मनाई केलेली नाही, म्हणजे बाग बंद करायचं काहीही कारण मला दिसत नाही. हात मातीत राहू देत. कामाची वाटणी मात्र बदलावी लागेल, आणि ती कशी ते नीट सांगते.

नणंदेनं वाचलेलं खोटं नाही. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो, तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. पोटुशी असताना बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो, आणि बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून काळजी घ्यायचीच. पण तो वागतो कसा हे कळलं की अर्धी भीती जाते. बोका अंगाला घासून गेला म्हणून लागण होत नाही. ताजी घाणही लगेच रोग देत नाही, त्यातली अंडी पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. खरी अडचण पुढची. एकदा मातीत मिसळली की ती अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि डोळ्यांना काही दिसत नाही. ती अंगात शिरतात तोंडावाटे. मातीचा हात तोंडाला लागला, न धुतलेली कोथिंबीर चटणीत गेली, की शिरली. चिमूटभर मातीवर मी एवढी का अडून बसले, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. हाच परजीवी अर्ध्याकच्च्या मटणातूनही येतो. तुमच्याकडे मटण होत असेल तर ते पुरतं शिजलेलं असू दे.

बोक्याला भुसभुशीत, कोरडी माती आवडते. मेथीच्या वाफ्यावर जुनी जाळी अंथर, नाहीतर बोरीच्या चार काटेरी फांद्या आडव्या टाक, तो दुसरी जागा शोधेल. घाण दिसली तर तू उचलायची नाहीस, घरातल्या कुणीतरी रोजच्या रोज काढायची. तू रबरी हातमोजे घाल. आत जुने सुती मोजे घातलेस तर घामानं हात चिकचिकत नाहीत. काम झालं की हात धुणं आलंच, पण ते कसं धुतेस ते सांगते, कारण इथेच बायका चुकतात. बांगड्या कोपराकडे सरकव. त्यांच्या खाली, मनगटाच्या आतल्या बाजूला चिखलाची बारीक कड बसलेली असते, ती नुसत्या पाण्यानं जात नाही. अंगठी काढ. नखं कापलेलीच असू देत. साबणानं निदान वीस सेकंद चोळ आणि मग पदराला हात लाव. काचेच्या बांगड्या असतील तर मातीतल्या कामापुरत्या काढून ठेवलेल्या बऱ्या, मोज्यात बांगडी पिचली तर काच हातात शिरते. सासूबाईंना मोकळे हात चालत नसतील तर तेवढ्या वेळेपुरती एकेक धातूची बांगडी घाल.

टॉक्सोप्लाझ्माची तपासणी करायची की नाही ते डॉक्टरबाईंवर सोड. पुष्कळ जणींना ही लागण कधीतरी आधीच होऊन गेलेली असते, त्यांना कळतही नाही, आणि मग सहसा बाळाला धोका राहत नाही.

काटा रुतला, खुरपं लागलं, तर साबणपाण्यानं धू आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते कार्डावर बघ. पूर्वी टीटी म्हणायचे, आता टीडी देतात, त्यात घटसर्पही येतो. पहिल्या खेपेला दोन डोस असतात, नाव नोंदवताना एक आणि चार आठवड्यांनी दुसरा. बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आपल्याकडून हटल्याचं २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, ते याच इंजेक्शनांमुळे आणि स्वच्छ बाळंतपणांमुळे. तुझा दुसरा राहिला असेल तर आजच जा.

माती आणि मांजर याबद्दल सगळे बोलतात. मला तुझ्या बागेत त्याहून जास्त भीती वाटते ती ओल्या फरशीची. जूनमध्ये मागच्या दाराची पायरी, धुण्याचा दगड, नळाखालची जागा, सगळीकडे हिरवट शेवाळ धरतं आणि रोजच्या सवयीच्या पायांना ते दिसत नाही. मी स्वतः सातव्या महिन्यात असताना धुण्याच्या दगडाजवळ घसरले होते. हातात भरलेली बादली होती. पडताना माणूस हात टेकतो, पण बादली सोडायचं सुचलंच नाही आणि मी सरळ कुशीवर आपटले. रात्रभर दवाखान्यात पोटावर हात ठेवून जागी होते, बाळ कधी हलतंय याची वाट बघत. पहाटे हललं. माझा मुलगा आज पस्तिशीचा आहे, पण ती रात्र मी विसरलेले नाही. बादली खाली ठेव असं वर लिहिलंय ते म्हणून.

पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पोट पुढे येतं तसा अंगाचा तोल बदलतो. त्यात गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल पडलेले असतात. काल सहज जमलेली उडी आज जमत नाही. तेव्हा नवरा सुट्टीला घरी आला की त्याच्याकडून पहिलं काम करून घे. पायरी आणि नळाची जागा खराट्यानं खरवडून साफ, आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर विटांचे तुकडे किंवा खडी. ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर त्यानंच टाकायची, तू तोवर घरात. पायांत मागे पट्टा असलेली, तळ न झिजलेली चप्पल हवी, सपाता नकोत. अनवाणी तर नकोच नको. घसरण्याची भीती आहेच, शिवाय ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतूनच आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. तुझं रक्त आधीच कमी असण्याची शक्यता आहे.

वजनाचं साधं गणित आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरची झारी भरली की दहा किलो, तीही एका हाताला, एका बाजूला लोंबणारी. नळाला पाइप लाव. पाइप नसेल तर झारी अर्ध्याच्या खाली भर आणि दोन खेपा जास्त मार. मातीनं भरलेली सिमेंटची कुंडी हलवायची नाही, ओढायचीही नाही, «फक्त जरा सरकवते» असंही नाही.

खुरपणी करताना आपण उकिडवं बसतो. उकिडवं बसणं वाईट नाही, त्यात तासभर रमणं वाईट. पायांतलं रक्त खाली साचतं आणि झटकन उठलं की डोक्याला पुरत नाही, म्हणून अंधारी. या महिन्यांत रक्तदाबही एरवीपेक्षा थोडा खाली असतो. बुटका स्टूल घे, गुडघ्यांत अंतर ठेवून त्यावर बस, म्हणजे पोटाला जागा मिळते. स्वैपाकघरातला पाटही चालेल, पण त्यावरून उठायला जास्त जोर लागतो. वीस मिनिटं झाली की उठायचं. उठतानाही आधी एक पाय पुढे रोवायचा, मांडवाच्या खांबाला किंवा भिंतीला धरायचं, उभं राहून दोन श्वास घ्यायचे आणि मगच चालायला लागायचं. अंधारी आलीच तर घराकडे धावू नकोस, आहेस तिथेच खाली बस. मोगऱ्याच्या कुंड्या बैठ्या कट्ट्यावर चढवून घेता आल्या (दुसऱ्याच्या हातानं!) तर वाकायचंच काम राहणार नाही. छाटणी करताना बोटांना मुंग्या आल्या किंवा रात्री हात बधिर होऊन जाग आली तर घाबरू नकोस, सुजेमुळे मनगटातली शीर दबते, बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर ओसरतं. तेवढी कात्री मात्र बाजूला ठेव.

फवारणीबद्दल माझं म्हणणं एका शब्दात आहे: नाही. बाजारचं औषध नाहीच, घरचंही नाही. दशपर्णी अर्क नैसर्गिक असतो म्हणून बायका निर्धास्त हात घालतात, पण त्यात धोतरा आणि कण्हेर असते. दोन्ही विषारीच. जीवामृतात ताजं शेण असतं, ते कालवायचं काम दुसऱ्याकडे दे. पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं खत हाताळायला हरकत नाही, फक्त पोतं उघडताना तोंड लांब ठेव आणि आधी पाण्याचा हबका मार, म्हणजे धूळ नाकात जात नाही. तुझ्या बाजूला उसाची किंवा सोयाबीनची शेतं असतील. तिथे फवारणी सुरू झाली की दोरीवरचे कपडे आत घे, दारं लाव. घरात कुणी फवारून आलं तर ते कपडे तू धुवायचे नाहीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ती धडधाकट माणसं होती.

कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाक. आठवड्याला एकदा ओतून, घासून कोरड्या केल्यास तर ठेवल्या तरी चालतील, पण पावसाळ्यात विसरायला होतं. डेंग्यूचा डास याच पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. झिकाचा डासही हाच. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात जे रुग्ण निघाले त्यांत गरोदर बायकाही होत्या. झिकामुळे बाळाचं डोकं लहान राहू शकतं. हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि तिन्हीसांजेच्या आधी जास्त, म्हणजे नेमका तुझ्या बागेच्या वेळेला. लांब बाह्यांचा गाऊन, पायांत सलवार किंवा लेगिंग. अंगाला लावायचं कोणतं मलम चालेल ते डॉक्टरबाईंना विचार. घरातल्या बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणीही विसरू नकोस.

राहता राहिल्या सासूबाई आणि साप. सावलीनं साप आंधळा होत नाही. पण पावसाळ्यात परसात साप निघतो, हे मात्र त्यांनी आयुष्यभर पाहिलंय, आणि ती भीती खरी आहे. कारण चुकलं म्हणून त्यांची काळजी खोटी ठरवू नकोस. लाकडाचा आणि कौलांचा ढीग भिंतीपासून लांब हलवून घे, तिथेच मण्यार आणि विंचू राहतात. अंधार पडल्यावर बागेत जायचं नाही, जावंच लागलं तर बॅटरी. कुंडी उचलून खाली हात घालायचा नाही. कधी काही चावलंच तर चिरणं, बांधणं, मांत्रिक यांत एक मिनिटही घालवायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट मोठा दवाखाना.

सासूबाईंशी भांडून बाग टिकणार नाही. संध्याकाळी मांडवाखाली त्यांच्यासाठी खुर्ची टाक. तू काम करताना कुणीतरी हाकेच्या अंतरावर असायलाच हवं, ते त्या असू देत. आणि सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा विषय निघाला की म्हण, «आई, आपण बागेतलं करू.» चांदण्यातलं, नावेतलं, तसं बागेतलं डोहाळजेवण आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तुझ्याच मोगऱ्याची वाडी भरली जाईल तेव्हा त्यांना कुणी काही समजावायला लागणार नाही.

आता मात्र माझं हे एक मुकाट्यानं ऐकायचं. वार खाली आहे असं सोनोग्राफीत आलं, पिशवीच्या तोंडाला टाका घातला, बीपी वाढलं, किंवा डॉक्टरबाईंनी विश्रांती सांगितली, तर वर लिहिलेलं सगळं विसर आणि खिडकीतून बाग बघ. आणि बागेत असताना किंवा नंतर अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, पोट थांबून थांबून आवळून आलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकले, ताप आला, किंवा बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर उद्यावर ढकलायचं नाही. खुरपं टाकायचं आणि दवाखाना गाठायचा. पोटावर पडलीस तर काही दुखत नसलं तरीसुद्धा.

तुझा हिशेब बघता दिवाळीच्या आसपास तू मोकळी होशील. सप्टेंबरच्या मध्यावर एक रुंद, उथळ कुंडी कट्ट्यावर ठेवून घे आणि त्यात शेपू पेर, स्टुलावर बसून. चाळीसेक दिवसांत काढायला येतो. बाळंतिणीच्या ताटातली शेपूची भाजी तुझ्या हातच्या पेरणीची होईल. काढायला आणि धुवायला मात्र सासूबाईंना सांग, तीन पाण्यांतून.

रक्ताचा रिपोर्ट आला की आकडा मला एका ओळीत कळव.

— तुझी मावशी